‘नाही’ म्हणायचा सराव

इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, पण इंग्रजीत भांडायला मला आजही जमत नाही. मराठीत मात्र मी चांगला भांडतो. खात्री करायची असेल तर माझ्या घरी विचारा. या अंकाच्या संपादकांनी निजामाच्या राजवटीतला एखादा थरारक अनुभव मागितला, तेव्हा मी त्यांच्याशीही थोडा भांडलोच. म्हटलं, तलवार मी फक्त दसऱ्याला पाहिली आणि बंदूक शिपायाच्या खांद्यावर. माझ्याकडे थरार आहे तो एका तोंडी परीक्षेचा. चालत असेल तर लिहितो. ते ‘चालेल’ म्हणाले, म्हणून लिहायला बसलो.

जिंतूरच्या सरकारी शाळेत मी इंग्रजीचा मास्तर होतो. तेव्हा आमच्याकडे शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, घरात मराठी आणि बाजारात जे तोंडाला येईल ते. मी काळी शेरवानी घालून दिवसभर उर्दूत बोलायचो आणि घरी येऊन ती खुंटीला टांगली की मराठीत उतरायचो. इंग्रजी या सगळ्यांच्या वर, उंच फळीवर ठेवलेल्या डब्यासारखी. दिसायची सगळ्यांना, हात थोड्यांचाच पोचायचा.

सरकारी नोकरीत वर चढायचं असो की हैदराबादेत जाऊन पुढचं शिक्षण घ्यायचं असो, इंग्रजीची लियाकत, म्हणजे लायकी, दाखवणारी एक परीक्षा द्यावी लागे. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. आम्ही नुसतं ‘लियाकत’ म्हणायचो. एक लेखी, एक तोंडी, दोन्ही औरंगाबादला. शाळेला शुक्रवारी सुट्टी असायची, तेव्हा सकाळी माझ्या ओसरीवर लियाकतवाल्यांचा वर्ग भरत असे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंग्रजी शिकवणं म्हणजे ‘ये, बस, पाणी दे’ शिकवणं. लियाकतीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तिथे लागायची ती ग्रंथातली इंग्रजी. एव्हिडन्स, कॉज, एस्टिमेट, कम्पेअर, कन्क्लूड असले शब्द. या शब्दांची पंचाईत अशी की त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही. गाय दाखवता येते, कन्क्लूजन कुठून आणून दाखवणार? म्हणून बहुतेक उमेदवार डिक्शनरी मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून पाठ करायला बसत.

त्यातले बिनीचे वीर म्हणजे आमचे गिरदावर हबीबसाहेब. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांवर देखरेख ठेवणारा, शेतांची मोजणी-पाहणी करत घोड्यावरून फिरणारा अंमलदार. त्यांचं घोडं बांधावर दिसलं की लोक तिफण थांबवायचे, एवढा दरारा. माणूस मात्र अदबीचा आणि लोण्यासारखा मऊ. बढतीसाठी ते दर वेळी लियाकतीला बसायचे आणि दर वेळी डिक्शनरी नव्याने सुरू करायचे. “मास्टरसाब, सी खतम होते होते इम्तिहान आ जाता,” असं मला सांगायचे. त्यांची इंग्रजी खरोखरच सीपर्यंत होती. त्यांना अबॅकस माहीत होता, रीझन माहीत नव्हतं. पाऊस पडला हे सांगायचं असलं तर ते ‘क्लाउड कम, क्लाउड ब्रेक’ असं म्हणत, कारण आर अजून लांब होता.

मी त्यांची डिक्शनरी जप्त केली. माझी रीत वेगळी होती आणि ती कुणाकडून उसनी घेतलेली नव्हती, हे सांगायला मला आवडतं. शब्द आला की त्याला जिंतुरात घर शोधून द्यायचं. एस्टिमेट कोण करतो? कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून गाडीचा अंदाज सांगणारा दलाल. कम्पेअर? आठवडी बाजारात दोन बैलांचे दात उघडून पाहणारं गिऱ्हाईक. एव्हिडन्स राहतो मुन्सफाच्या कोर्टात. आणि पुराव्यावाचून कन्क्लूड करण्याचं काम तर अख्खं गाव पारावर बसून करतं. एकदा शब्द असा कुणाच्या घरी राहायला गेला की उमेदवार त्याला विसरत नसे. रस्त्याने जाताना तो शब्द त्याला रामराम घालायचा.

या वर्गात सुभद्रा आली. बोरीच्या शेतकरी घरातली, लहानपणी मामाकडे परभणीला राहून चार यत्ता शिकलेली. ऐन विशीत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात ती बाळंतिणींची सेवा करायला लागली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिची हुशारी ओळखून तिला इंग्रजी वाचायला शिकवलं. हैदराबादेत नर्सचं रीतसर शिक्षण घ्यायचं, तर लियाकत हवी. म्हणून बाईंनी तिला माझ्याकडे धाडलं. माझी बायको वर्गाच्या वेळी ओसरीवरच ज्वारी निवडत बसायची, त्यामुळे गावाला बोलायला जागा राहिली नाही.

सुभद्रेचा थोरला भाऊ रंगनाथ. बापामागे त्यानेच तिला वाढवलेलं. तो वाईट नव्हता, फक्त घाबरलेला होता. तरणी बहीण परक्या गावात एकटी राहते, याचा त्याला घोर. देवगावकडचा एक बिजवर त्याने पाहून ठेवला होता, जमीनजुमला असलेला. पाट लावून द्यायचा, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करून द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. आमच्याकडच्या कुणब्यांत ती चाल होतीच. सुभद्रेला तो माणूस नको होता, तिला नर्स व्हायचं होतं. शेवटी भावाने बोली केली की एक खेप परीक्षेला बसू देतो, झाली तर हैदराबाद, नाही तर देवगाव. ती मान खाली घालून ‘बरं दादा’ म्हणाली.

इतकी चांगली विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही. तिने पुस्तकी शब्दांना दवाखान्यातच घरं दिली. सिम्पटम कोणत्या खाटेवर आहे, कॉज कोणत्या विहिरीत आहे, प्रिव्हेंट म्हणजे कुणाचे हात साबणाने धुवायचे, हे ती मलाच शिकवायची. लेखीत ती उत्तम आली. तोंडीत नापास.

हबीबसाहेबही तोंडीतच पडले होते. पुढच्या शुक्रवारी मी दोघांना समोर बसवलं.

“परीक्षकांनी काय विचारलं गं तुला?” मी सुभद्रेला म्हटलं.

“इचारलं न्हाई काई. त्येच सांगायले व्हते. म्हनले, बाळंतिनीला चार-पाच दिस पानी देऊ नये, जुन्या लोकांचं शानपन हाय त्ये. तुमाला काय वाटतं?”

“मग?”

“म्या म्हनलं, येस सर.”

मी कपाळावर हात मारून घेतला. बाळंतिणीचं पाणी तोडणाऱ्या सासवांना याच बाईने दवाखान्यातून बाहेर काढल्याचं सगळ्या जिंतूरला ठाऊक होतं.

“ते चूक आहे हे तुला माहीत नव्हतं?”

“व्हतं की.”

“आय डू नॉट अॅग्री हे येत नव्हतं?”

“येत व्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मास्तर, एवढा पिकल्या दाढीचा मानूस. बापाच्या वयाचा. त्याला म्या तोंडावर चूक म्हनू? आमच्यात न्हाई बा तसं.”

हबीबसाहेब दाढी कुरवाळत होते. मी त्यांच्याकडे वळलो. ते हळूच म्हणाले, “मेरेकू बोले, काली जमीन में कपास अच्छी नहीं होती. मैं बोला, करेक्ट, करेक्ट सर.”

म्हणजे परभणी जिल्ह्याच्या गिरदावराने, ज्याचा जन्म काळ्या रानातला कापूस मोजण्यात गेला, त्याने तो होतच नाही असं कबूल करून टाकलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. “अहो पण का?” मी ओरडलो. “बुजुर्ग आदमी बोलरा मास्टरसाब, तो नक्को कैसा बोलना?” असं त्यांनी मलाच विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो परीक्षक मूर्ख नव्हता. उमेदवाराच्या धंद्यातलीच एक चुकीची गोष्ट तो मुद्दाम ठोकून द्यायचा आणि उमेदवार पुस्तकी इंग्रजीत ती खोडून काढतो का, हे बघायचा. आमची माणसं शब्दांत पडली नव्हती, अदबीत पडली होती. वडीलधाऱ्यांपुढे, साहेबापुढे, सरकारापुढे ‘जी’ म्हणायचं, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो सराव एका तोंडी परीक्षेत कसा मोडणार?

मी परीक्षक होऊन बघितलं. म्हटलं, “सुभद्रा, ताप आलेल्याला उन्हात झोपवावं.”  ती म्हणाली, “येस सर.” असं बराच वेळ चाललं. बायको ज्वारी निवडता निवडता म्हणाली, “दवाखान्यात तर लय बोलतीस गं. परवा पाटलाच्या आईला काय झापलंस!”

“वैनी, तितं रोगी असतोय समोर,” सुभद्रा म्हणाली. “म्या त्याच्यासाठी बोलत असते. माझ्यासाठी न्हाई.”

मी उठलो आणि आतून बाज आणली. बाजेवर बायकोची जुन्या लुगड्यांची वाकळ गुंडाळून आडवी ठेवली, वरून एक चादर ओढली. म्हटलं, “ही बाळंतीण. हबीबसाहेब, तुम्ही परीक्षक. सांगा हिला पाणी देऊ नका म्हणून.” बायकोने वाकळेबद्दल तक्रार केली, ती मी ऐकली नाही.

हबीबसाहेब खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी आपल्या सीपर्यंतच्या इंग्रजीत बाळंतिणीचं पाणी बंद केलं. सुभद्रेने एकदा त्यांच्या दाढीकडे बघितलं, एकदा वाकळेकडे. मग हात वाकळेवर ठेवून ती इंग्रजीत जे सुटली, ते मी आणि हबीबसाहेब तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. मी एकच गोष्ट वर घातली. आधी समोरच्याचं म्हणणं जेवढं खरं असेल तेवढं मान्य करायचं, मग आपलं मांडायचं. त्याने अदबही राहते आणि मुद्दाही. हे तिला लगेच पटलं. हबीबसाहेबांसाठीही आम्ही बाजेवर एक शेतकरी झोपवला, त्याच वाकळेचा.

पुढच्या शुक्रवारी हा प्रकार रंगात आला असताना दारात बैलगाडी थांबली. रंगनाथ बहिणीला न्यायला आला होता. त्याने आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबला. त्याची बहीण एका गुंडाळलेल्या वाकळेपाशी उभी राहून गिरदावराला इंग्रजीत सुनावत होती, आणि गिरदावर मान डोलावत होता.

“सुभे, काय करायलीस गं?” त्याच्या आवाजात राग कमी, भीतीच जास्त होती. “चल. गाडीत बस. बोली संपली आपली.”

सुभद्रेने हात खाली घेतला. नेहमीची मान खाली गेली. मला वाटलं, आता ती ‘बरं दादा’ म्हणणार आणि माझा वर्ग उठणार. तिने बाजेकडे बघितलं, वाकळ उचलली, घडी घालून बाजूला ठेवली आणि त्या रिकाम्या बाजेवर स्वतः बसली.

“दादा, तुमी म्हनता त्ये खरं हाय,” ती म्हणाली. “बोली एका खेपंची व्हती. लोक बोलायलेत, त्ये बी खरं. तुमाला माझा घोर हाय, त्ये तर लयच खरं. पर मला देवगावला जायचं न्हाई. म्या लेखीत पास झाले. तोंडीत का पडले, त्ये मला आत्ता उमगलंय. अजून एक खेप बसू द्या. न्हाई झालं तर म्या सवताच्या पायानं देवगावला जाईन.”

 रंगनाथने तिचा उलटा शब्द आजवर ऐकलाच नव्हता. तो हबीबसाहेबांकडे वळला. ज्या माणसाच्या घोड्याला तो बांधावर रामराम घालायचा, तो खुर्चीत बसला होता.

“सरकार, हिनं तुमाला चूक म्हनलं?”

“हौ.”

“अन् तुमी ऐकून घेतलं?”

“बात सही थी, पाटील. सुन लिया.”

रंगनाथ पाटील नव्हता, पण त्याने ते दुरुस्त केलं नाही. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि वळला. मग म्हणाला, “एक खेप. पर म्या संगं येणार औरंगाबादला.” आणि जेवायलाही न थांबता गाडी घेऊन परत गेला.

हबीबसाहेब धरून आम्ही चौघे औरंगाबादला गेलो. परभणीपर्यंत सर्व्हिस मोटार, तिथून रेल्वे. रंगनाथ सगळा रस्ता खिडकीतून दुसऱ्यांची रानं बघत होता आणि कुणाचं पीक कसं आहे ते मला सांगत होता. परीक्षेच्या इमारतीबाहेर लिंबाच्या झाडाखाली मी आणि तो बसून राहिलो. माझ्या नोकरीत इतका घाबरून मी कधी बसलो नव्हतो. हिला पुन्हा ‘येस सर’ म्हणावंसं वाटलं तर, हाच विचार. नापास झाली तर देवगावला जायचा दिलेला शब्द ती पाळणार, याची मला खात्री होती आणि त्या खात्रीचीच जास्त भीती होती.

सुभद्रा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. रंगनाथ उठून उभा राहिला.

“त्येच म्हातारे व्हते,” ती म्हणाली. “म्हनले, देवी टोचल्यामुळंच देवी निघतेत असं लोक म्हनतेत. मला बी तसंच वाटतंय.”

“मग?” आम्ही दोघे एकदम म्हणालो.

“म्या लय वेळ गप्प बसले. त्ये घड्याळाकडं बघायले. मग म्या मनातल्या मनात त्येंच्या टेबलावर एक लेकरू निजवलं. म्हनलं, सर, टोचल्यावर लेकराला ताप येतो, दंड सुजतो, हे लोकांनी ऑब्झर्व्ह केलंय, त्ये खोटं न्हाई. पर त्यावरून त्येंनी जे कन्क्लूड केलं त्याला एव्हिडन्स पुरत न्हाई. मग त्ये उलटे इचारायले, म्या सांगायले. त्ये आवाज चढवायले. म्या सांगतच राहिले.”

“आणि शेवटी?”

“शेवटी त्येंनी चष्मा काढला.  जा म्हनले.”

चष्मा काढणं चांगलं की वाईट, यावर आम्ही परतीच्या वाटेवर परभणीपर्यंत वाद घातला.

हबीबसाहेबांचं निराळंच झालं. त्यांना ‘नाही’ म्हणायची एवढी गोडी लागली होती की परीक्षकाने सुरुवातीला ‘आज फार उकडतंय’ म्हटलं, तेही त्यांनी खोडून काढलं. घामाने शेरवानी भिजलेली असताना. ते पुन्हा पडले, आणि पडल्याचं मला सांगताना इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “बढती नक्को मास्टरसाब, मजा आई,” म्हणाले. पोलीस अॅक्शननंतरच्या उलथापालथीत ते कुटुंब घेऊन जिंतूर सोडून गेले. कुठे गेले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी दौऱ्यावर आलेल्या माणसांना विचारत राहिलो. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांची डिक्शनरी माझ्याचकडे राहून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

निकाल डॉक्टरीणबाईंकडे आला. त्या स्वतः माझ्या ओसरीवर आल्या, पाठोपाठ सुभद्रा. बाई काही बोलायच्या आतच माझी बायको साखर आणायला आत गेली, कारण तिने सुभद्रेचं तोंड बघितलं होतं. मी मात्र बाईंच्या तोंडून शब्द ऐकेपर्यंत विश्वास ठेवला नाही. मास्तराची जात. दोन्ही पास, तोंडीत लेखीपेक्षा जास्त. मी शाळेत मुलांपुढे रडलो नसतो, घरी रडलो.

हैदराबादला जायच्या दिवशी रंगनाथने तिची पेटी डोक्यावर घेतली आणि परभणीच्या स्टेशनावर हमालाला हात लावू दिला नाही. त्याने तिच्यासाठी ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि नवीन लुगडं आणलं होतं. देवगावच्या पाहुण्याला त्याने स्वतः जाऊन नकार कळवला, हे मला त्याच्या गाडीवानाकडून समजलं. तो स्वतः त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. सुभद्रा बायकांच्या डब्यात खिडकीशी बसली. आम्ही दोघे खाली उभे. शिट्टी झाली. रंगनाथ माझ्याकडे बघून हसत म्हणाला, “मास्तर, न्हाई म्हनायला तर शिकवलंव हिला. आता व्हय म्हनायला कोन शिकवनार?”

खिडकीतून सुभद्रेने ते ऐकलं. तिने बाहेर हात काढून भावाचा हात धरला.

“त्ये शिकवायला लागत न्हाई, दादा,” ती म्हणाली. “त्ये मला जल्मापासून येतंय.”

रंगनाथ हसायचा थांबला. गाडी हलली तरी त्याने तिचा हात सोडला नाही. फलाट संपेपर्यंत तो तिच्याबरोबर चालत गेला.